ठमकीचा चातुर्मास

ठमकी मागचे पाय ओढत चालतेय, हे माझ्या लक्षात आलं पर्युषणाच्या चौथ्या दिवशी. मी वसूला सांगितलं नाही. तिचा आठ दिवसांचा उपवास चालू होता, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर, आणि अशा बायकोला वाईट बातमी सांगायला छाती लागते. माझी छाती केवढी, ते पुढे येईलच.

ठमकी म्हणजे आमची खार. इथे खंभातमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा आहे, त्यावरून ती वैशाखात खाली पडली. डोळेही उघडले नव्हते. मांजर दोन हातांवर बसलेलं. वसूने तिला पदरात उचललं तेव्हा मी म्हणालो, "दोन दिवसांची पाहुणी आहे, जीव लावू नकोस." मी शहाणपणाचं बोलायचं आणि वसूने ऐकायचं नाही, असा आमचा तीस वर्षांचा संसार. पाणी घातलेलं दूध कापसाच्या वातीने पाजून पाजून तिने ते पिल्लू जगवलं.

मांजराच्या धास्तीने ठमकी आतल्या धान्याच्या खोलीत राहायची. खिडकीला जाळी, जाळीवर पोतं. चालायची ऐटीत, ठुमकत, म्हणून ठमकी. वसू पोळ्या लाटायला बसली की ही तिच्या खांद्यावर. शेजारचे रमणीककाका मला भर गल्लीत विचारायचे, "काय कीर्तिभाई, लेकीचं कुठे जमतंय का? आमच्या पिंपळावर चांगली स्थळं आहेत!" सगळे हसायचे, मीही हसायचो. आम्हाला मूल नाही हे ठाऊक असलेल्या माणसाने केलेली थट्टा, तरी राग यायचा नाही. इतकं तेव्हा घरात बरं चाललं होतं.

त्यात आषाढातली चौदस आली. वसूने साध्वींच्या उपाश्रयात हात जोडून पच्चक्खाण घेतलं, म्हणजे शपथच, की कार्तिकातल्या चौदसपर्यंत हिरवं काही खायचं नाही. पालेभाजी तर चातुर्मासात आम्हा जैनांत कोणीच खात नाही, पण हिने दुधी, काकडी, फळंसुद्धा सोडली. आणि वसूने एखादी गोष्ट सोडली की ती उंबऱ्याच्या आत येत नाही. मी दुकानाजवळ पेरू खाऊन, तोंड धुऊन घरी यायचो. ठमकीला शेंगदाणे, भाजलेले मूग, खाखऱ्याचा चुरा. सूर्य मावळला की तिचीही वाटी उचलली जायची.

"घरात खरी श्राविका एकच," मी म्हणायचो, "ती शेपटीची."

"हसा, हसा," वसू म्हणायची. "पुढच्या जन्मी ती माणूस होईल आणि तुम्ही दाणे कुरतडत बसाल."

पर्युषण संपलं, सगळ्यांची एकमेकांकडे क्षमा मागून झाली, वसूने पारणं केलं. तोवर ठमकीला गव्हाच्या पोत्यावर चढता येईना. शेंगदाणा धरायची आणि तो गळून पडायचा. मग मी तिला बुटांच्या खोक्यात घातलं, वसूला बरोबर घेतलं आणि पांजरपोळात गेलो.

तिथले डॉक्टर राठवा तरुण आहेत. त्यांनी दोन बोटांनी तिचं कंबरडं चाचपलं आणि विचारलं, "खायला काय देता?" वसूने सांगितलं. "ऊन मिळतं?" तेही सांगितलं.

"मावशी, हिची हाडं मऊ पडलीत," ते म्हणाले. "नुसत्या दाण्यांवर आणि अंधारात खार जगत नाही. आजपासून हिरवा पाला द्या, सकाळचं ऊन द्या. आणि हे थेंब लिहून देतो, दिवसातून दोनदा. महिन्याभरात पाय टेकेल. उशीर केलात तर झटके यायला लागतील, मग माझ्याही हातात काही नाही."

"थेंब कशाचे?"

"कॅल्शियमचे. शिंपल्यांपासून करतात."

शिंपले म्हणजे जीव; वसूने चिठ्ठीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "आणि पाला कार्तिकातल्या चौदसनंतर दिला तर?"

"दोन महिने? तोवर ती राहील का मावशी?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही तरी समजवा." चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली.

वाटेत मी समजवायला गेलो. "वसू, जीव जाईल तिचा."

"मोडू? पुन्हा मोडू?" एवढंच ती म्हणाली. सव्वीस वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिला चक्कर आली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा उपवास अर्ध्यावर सोडायला लावला होता. चमचा तिच्या तोंडाशी मीच धरला होता. पंधरा दिवसांनी मुलगी झाली, ती मेलेलीच. दोन्हींचा काही संबंध नाही हे मला कळतं. वसूला कधी कळलं नाही, आणि मी कधी सांगायला गेलो नाही.

मग जे करायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं ती करू लागली. रोज सकाळी ठमकीला पिंजऱ्यात घालून गच्चीवर न्यायची आणि घारी येतील म्हणून हातात काठी घेऊन उन्हात बसून राहायची. पाय तेलाने चोळायची, कानाशी नवकार मंत्र म्हणायची. ठमकी तिच्या ओच्यात पडून असायची. मला ते बघवत नव्हतं. प्रेमाने माणूस किती आंधळं होतं, याची मला चीड यायची. वसूची चीड यायची, तिच्या चौदसची यायची.

पण मी तरी काय केलं? थेंबांची बाटली मी त्याच दिवशी घेतली आणि दुकानात, अकीकाच्या मण्यांच्या खणात ठेवली. वसू देरासरात दर्शनाला गेली की दोन थेंब पाजायचे, कोणाला कळणार आहे? आणि कळलं तर? वसू भांडत नाही, ती बोलणंच बंद करते. मुलगी गेली तेव्हा आठ महिने बंद होतं. रोज दुकान बंद करताना मी तो खण उघडायचो आणि लावून घ्यायचो. असे अठरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी दुपारी मी जेवायला आलो आणि ताटावर बसणार तोच ठमकीला पहिला झटका आला. अंग धनुष्यासारखं ताठ, डोळे फिरलेले. वसू अनवाणीच उपाश्रयाकडे धावली, मी मागोमाग.

"शेवटचं मांगलिक ऐकवायला चला साहेबजी," ती तिथल्या वृद्ध साध्वीजींच्या पुढे कोसळलीच. "एक जीव जातोय."

साध्वीजींनी विचारलं, कोण, काय झालं, काय खाते. वसू हुंदके देत सांगत होती.

"पच्चक्खाण कोणी घेतलं?"

"मी."

"तिने हात जोडले होते?"

वसूने नकारार्थी मान हलवली.

"तू सोडलंस ते तुझं तप," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "दुसऱ्याच्या तोंडचा घास अडवलास, तो अंतराय, ते पाप. जा, आधी तिला खाऊ घाल."

वसू येताना तांदुळज्याची जुडी घेऊन आली. चातुर्मासात छातीशी हिरवी जुडी धरून पळणारी वसू सगळ्या गल्लीने पाहिली. रमणीककाकासुद्धा वाटेतून बाजूला झाले. मी दुकानाकडे पळालो आणि बाटली आणली.

झटका ओसरला होता. ठमकीने पान पुढच्या पंजांत धरलं, हुंगलं, पण चावता येईना. तेव्हा वसूने ते पान स्वतःच्या तोंडात घातलं, चावून मऊ केलं आणि बोटाने तिच्या ओठांना लावलं. तिचं पच्चक्खाण मोडलं, आणि त्या क्षणी तिला त्याचं भानही नव्हतं. मी थेंब पाजले. अर्धे हनुवटीवरून ओघळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमकी गेली. वसूच्या हातातच गेली. मी मलमलचा तुकडा शोधून आणला. वसूने तिला त्यात गुंडाळलं, नीट, शेपटी आत घेऊन. मग तिने थेंबांची बाटली उचलली.

"काल थेंब इतक्या लवकर कुठून आणलेत?"

खोटं बोलता आलं असतं, माझी हयात दुकानात गेलीय. पण त्या दिवशी जमलं नाही.

"दुकानातच होते," मी म्हणालो. "अठरा दिवस."

वसूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"माझं पच्चक्खाण होतं," ती म्हणाली. "तुमचं काय होतं?"