वडाचा दोरा

आमच्या ह्यांचा उजवा हात सकाळी बंद पडला. कंपनीने त्यांचे सुटे भाग बनवणं थांबवलं होतं.

गेल्या दसऱ्याला मी मिक्सरला, फ्रिजला, शिलाई मशीनला हळदकुंकू वाहत होते. हे मिक्सरचं पातं घट्ट करत बसले होते. त्यांच्या मनगटालाही माझं कुंकवाचं बोट लागलं. दुसऱ्या दिवशी मानेवर कंपनीचं लेबल उगवलं. आंघोळ करूनही निघालं नाही.

कंपनीचा माणूस आला तेव्हा माझं स्तोत्र चालू होतं. मधे उठायचं नाही, हा माझा नेम. ते संपेपर्यंत तो उंबऱ्याशी थांबला. तेवढ्यात ह्यांचा डावा हातही गेला.

“काकू, ह्यांचा सपोर्ट संपला. संध्याकाळी उचलतो, नवं मॉडेल ठेवतो.”

“नवे कोण?”

“हेच. फक्त घोरणार नाहीत.”

“घेऊन टाक गं,” हे खुर्चीतून म्हणाले. “तुझी उपासाची भगर तो तरी मुकाट्याने खाईल.”

“तुम्ही गप्प बसा बघू.” मग मी त्या माणसाला हळूच सांगितलं, “ह्यांना मी सात जन्मांसाठी मागून घेतलंय. दर वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळलाय.”

“मग आधी सांगायचं ना! दोरा आणून दाखवा, सपोर्ट वाढवून देतो. पण अख्खा हवा. तुटका चालत नाही.”

“झाडावरून सोडवू?”

“नाहीतर कसा आणणार?”

वड पाण्याच्या टाकीमागे आहे. दोरा सोडवायचा तर उलटं फिरावं लागतं. उलटी प्रदक्षिणा घालू नये. मी क्षमा मागत फिरू लागले. बाकीच्या बायकांचे दोरे सरकून मला वाट देत होते. प्रत्येक फेरीला खोड बारीक होत होतं, फेरी आखूड होत होती. मला चक्कर यायला लागली.

संध्याकाळ होत आली तेव्हा फोन वाजला. पलीकडे त्या माणसाने तो ह्यांच्या कानाला धरला असावा.

“अगं, पाय गेले माझे. हा गाडीचं दार उघडून बसलाय. यायला किती वेळ?”

“आलेच. थोडाच उरलाय.”

फोन चालूच ठेवून मी फिरत राहिले. पारंब्या माझ्या खांद्याला टेकल्या, मग कानांना.

शेवटचा वेढा उरला तेव्हा वड मनगटाएवढा झाला होता. त्यावर माझ्याच बोटाचं दसऱ्याचं कुंकू होतं. दोऱ्याखाली नाडी उडत होती.

“काकू,” फोनमधून तो माणूस म्हणाला, “अख्खा सोडवा हं.”