नंदाच्या नावाची फ्लॉपी

१९९३ च्या जुलैत ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख गोपीनाथ कर्णिकांनी ऑफिसच्या फळ्यावर एक कागद लावला. पंपांचे सील बनवणाऱ्या डोंबिवली एमआयडीसीतल्या या कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार होऊन दोन वर्षे झाली होती. तिकडून येणाऱ्या ड्रॉइंगवर टिपा जपानीत असत आणि त्या वाचणारे इथे कोणी नव्हते. जानेवारीत तिकडचे इंजिनिअर होरीगुची येतील, टिपा वाचण्याची परीक्षा घेतील आणि ऑफिसातल्या एकाला सहा महिने जपानला पाठवले जाईल, असे कागदावर होते. परत आल्यावर जपानी ड्रॉइंगचे सगळे काम त्या व्यक्तीकडे राहणार होते.

कागद वाचून लोकांनी आधी प्रमोदिनी गुप्तेकडे पाहिले आणि मग, थोड्या अंतराने, रेकॉर्ड रूमच्या दाराकडे. हे दुसरे पाहणे प्रमोदिनीला लागले.

ती तेहतीस वर्षांची होती, ठाण्याच्या नौपाड्यात आईबरोबर राहत होती आणि सात वर्षे ट्रेसर होती. पेन्सिलीने काढलेले ड्रॉइंग शाईने ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे, हे तिचे काम. तिची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची येई. पण कॉम्प्युटर आल्यापासून ट्रेसरची पाच टेबले दोनावर आली होती आणि उरलेली दोन किती दिवस राहतील हे कोणी सांगत नव्हते. जपानला जाणे म्हणजे तिच्यासाठी नोकरी टिकणे होते.

शिवाय जपानी ही तिचीच गोष्ट होती. करार झाला त्याच महिन्यात तिने पुण्याहून एक पुस्तक आणि सहा कॅसेटी आणल्या होत्या. माझे नाव अमुक, स्टेशन कुठे आहे, आज हवा छान आहे, इतके ती बोलू शके. ऑफिसात तिला ‘जपानीण’ म्हणत आणि ते तिला आवडे.

रेकॉर्ड रूममध्ये नंदा नाखवा बसत असे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, सव्वीस वर्षांची, नोकरीत चार वर्षांनी ज्युनिअर. जपानी ड्रॉइंग तिच्याच ताब्यात येत आणि कुठले ड्रॉइंग कशाचे हे न कळल्यामुळे तिला ती नीट लावता येत नसत. तेवढ्यासाठी तिने वर्षभरापूर्वी प्रमोदिनीकडे पुस्तक मागितले होते. पुस्तक मावसबहिणीने नेलेय, असे प्रमोदिनीने सांगितले. तेव्हा ते तिच्या पर्समध्ये होते.

नंदाने पुन्हा मागितले नाही. तिचा मामेभाऊ रतन मालवाहू जहाजावर होता. त्याने सिंगापूरहून तिला एक फ्लॉपी आणून दिली. जेवणाच्या सुट्टीत, डबा पंधरा मिनिटांत संपवून, नंदा ती ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये घाली. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचे एक मोठे अक्षर येई. ती मनाशी काहीतरी म्हणे, एक बटण दाबून अर्थ बघे, मग आपल्याला आले की नाही हे सांगणारे आणखी एक बटण दाबे आणि पुढचे अक्षर येई. कर्णिकसाहेब एकदा तिच्या मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जपानी ड्रॉइंग प्रमोदिनीला न दाखवता सरळ नंदाकडे नेले. तिने त्यावरचे दोन शब्द वाचून दाखवले.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये दोघी नेहमीसारख्या एका बाकावर बसल्या होत्या. प्रमोदिनी ठाणे येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. कॅसेटी तिच्या, पुस्तक तिचे, दोन वर्षांची मेहनत तिची, आणि या मुलीला एक प्लास्टिकची चकती मिळाली म्हणून ही पुढे. तिला नंदाचा राग येत नव्हता, फ्लॉपीचा येत होता. निदान तिने स्वतःला तसे सांगितले. घरी आईने, भागीरथीबाईंनी, त्या कोळीवाड्यातल्या मुलीला जपानी शिकवते तरी कोण, असे विचारले, तेव्हा ती ताटावरून उठली.

फ्लॉपी मागता येत नव्हती. मागितली तर पुस्तकाचा विषय निघाला असता.

नारळी पौर्णिमेला नंदा रजेवर होती. फ्लॉपी कॉम्प्युटरशेजारच्या ट्रेमध्ये राहिली होती. सगळे जेवायला गेल्यावर प्रमोदिनीने एक कोरी फ्लॉपी आणली आणि नक्कल केली. ड्राइव्ह एकच होता, त्यामुळे जुनी आणि नवी आळीपाळीने घालावी लागत होती. दहा मिनिटे लागली. नंदाची फ्लॉपी तिने जागेवर, आधी होती तशी तिरपी ठेवली.

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. तिथे तासाच्या भाड्याने मशीन मिळे. प्रमोदिनीने रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठची वेळ ठरवली. प्रोग्रॅम सुरू झाला की तो नाव विचारी. तिथे आधीच नंदाचे नाव इंग्रजीत लिहिलेले असे. वहीवर मालकाचे नाव असते तसे ते असेल, असे तिने धरले आणि ती पुढे जाई. रोज संध्याकाळी पहिले काम म्हणजे नंदाचे नाव तसेच ठेवून बटण दाबणे.

मग अक्षरे येत. एकूण शहाण्णव. अवघड, गच्च रेघांची, एकात एक अडकलेली. अर्थही तसेच: घासून गुळगुळीत करणे, तापवून कठीण करणे, मापातली सूट. पडद्यावर पाहून ती लक्षात राहत नाहीत हे तिला दोन दिवसांत कळले. मग ती ट्रेसिंग पेपरचे तुकडे आणि शाईचे पेन घेऊन जाऊ लागली. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठे पेन उचलायचे, हे पुस्तकात दिलेल्या नियमांवरून ठरवून ती एकेक अक्षर वीस-वीस वेळा काढी. हात शिकला की डोके मागून येई. आलेले अक्षर काही दिवस दिसत नसे, मग पुन्हा विचारले जाई आणि पाचदा बरोबर आले की कायमचे नाहीसे होई.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. भोक, तेल, जाडी, बाहेरचा व्यास असले साधे शब्द त्यात कुठेच नव्हते. इतक्या सोप्या गोष्टी कोण शिकवत बसणार, असा तिने अर्थ लावला. खरी ड्रॉइंग पाहिली असती तर शंका आली असती. पण ती पाहायची तर रेकॉर्ड रूमच्या रजिस्टरमध्ये सही करावी लागे, आणि ती सही नंदाने पाहावी हे तिला नको होते.

बाजूला नंदाचे चाललेच होते. दिवाळीनंतरही ती त्याच अक्षरांपाशी अडखळताना दिसे. प्रमोदिनी पाणी प्यायला उठली की पडद्याकडे नजर टाकी. समोर दिसणारे अक्षर आपल्याला येते आणि हिला अजून येत नाही, हे पाहून तिचे पाणी गोड लागे. दोन जानेवारीला क्लासमधल्या पडद्यावर एकही अक्षर आले नाही. आज काही शिल्लक नाही, अशी इंग्रजी ओळ आली. नंदा अजून जिथे धडपडत होती तो प्रोग्रॅम तिने पूर्ण संपवला होता. घरी जाताना तिने आईसाठी पेढे घेतले.

होरीगुची एकोणीस जानेवारीला आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी जुन्या ड्रॉइंगवरच्या दहा टिपा निवडल्या होत्या. त्यांत मिळून साठ वेगवेगळी अक्षरे होती. प्रत्येकाखाली इंग्रजीत अर्थ लिहायचा. वेळ एक तास. बसल्या दोघीच, बाकीच्यांनी नावे दिली नव्हती.

प्रमोदिनीने पहिली टीप पाहिली. सात अक्षरांपैकी तिला एक येत होते, ते सर्वांत अवघड होते. दुसऱ्या टिपेत दोन. तिसऱ्या टिपेतले पहिलेच अक्षर चार-पाच रेघांचे, लहान मुलानेही काढावे असे होते आणि ते तिने कधी पाहिलेच नव्हते. ते पुढच्या सगळ्या टिपांमध्येही होते. तासभर ती अवघड अक्षरांखाली बिनचूक अर्थ लिहीत गेली आणि सोप्या अक्षरांखालच्या जागा कोऱ्या राहत गेल्या. शेजारच्या टेबलावर नंदाचे पेन थांबत नव्हते.

नंदाला सत्तेचाळीस, प्रमोदिनीला चोवीस. होरीगुचींनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले आणि कर्णिकसाहेबांना इंग्रजीत म्हणाले, की असे पेपर त्यांनी आजवर पाहिलेले नाहीत. मग पेपर दोघींना परत दिले. नंदाने प्रमोदिनीचा पेपर मागून घेतला, आपल्या पेपरावर ठेवला आणि प्रत्येक टिपेवरून बोट फिरवत दोन्ही वाचले. नंदाची तेरा चुकली होती. त्या तेरांपैकी बारा प्रमोदिनीची बरोबर होती. तिला आलेली उरलेली बारा म्हणजे माणूस, पाणी, वर, खाली, असली पुस्तकातली.

तिने प्रमोदिनीचा पेपर घडी करून परत दिला. बसमध्ये, शीळफाटा मागे पडल्यावर, तिने हळू आवाजात सुरुवात केली.

“ताई, नारळी पुनवेला फ्लॉपी उतरवून घेतलीत ना?”

प्रमोदिनीने मांडीवरची पर्स सरळ केली.

“घेतलीत ती घेतलीत. पण आपलं नाव तरी टाकायचं होतंत. माझं नाव ठेवलंत म्हणून त्याने माझंच न येणारं तुम्हाला विचारलं. येणारं मी आधीच संपवलेलं.”

मग तिने सगळे समजावून सांगितले, ड्रॉइंगची नोंद कशी करायची हे नव्या माणसाला सांगावे तसे. फ्लॉपीत अक्षरे हजारो होती. ड्रॉइंगवर येणारी तीनशे वीस तिने रेकॉर्ड रूममध्ये बसून स्वतः निवडली होती. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांतली दोनशे चोवीस संपली होती. प्रमोदिनी ऐकत होती. पाच महिने ती जे शिकली ते नंदाचे विसरणे होते. चकतीत काही जादू नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे नंदा चिडलेली नव्हती.

“पण एक सांगा,” नंदा म्हणाली, “ही बारा तुम्हाला आली कशी? माझ्या तर डोक्यातच राहत नाहीत. वर्ष झालं.”

“हाताने काढली.”

“मला शिकवा ना. एप्रिलमध्ये जायचंय. तिथे जाऊन हसं नको व्हायला.”

नाही म्हणायला प्रमोदिनीकडे कारण नव्हते. म्हणजे एक होते, पण ते बोलण्यासारखे नव्हते.

मार्चभर, जेवणाच्या सुट्टीत, दोघी ट्रेसिंगच्या टेबलाशी बसल्या. पेन कसे धरायचे, रेघ सुरू करताना दाब किती, सोडताना किती, हे प्रमोदिनीने दाखवले. नंदाची रेघ सुरुवातीला मधेच जाड, मधेच बारीक येई. प्रमोदिनीने तिची बोटे धरून रेघा ओढवल्या. ती चांगली शिकवत होती. वाईट शिकवायचे तिने एकदोनदा मनात आणले, पण वाकडी रेघ तिच्या हाताला सहन होत नव्हती. राहिलेले तेरावे अक्षर तिने पुस्तकातून शोधून दोघींसाठी काढले. महिनाअखेरीस नंदाने तेराही अक्षरे न बघता, एका ओळीत लिहिली. प्रमोदिनीने ओळ तपासली आणि तिच्या लक्षात आले, की जपानीतले तिला एकटीला येते असे आता काहीही उरलेले नाही.

नंदा अकरा एप्रिलला गेली. आईला बरे नाही असे सांगून प्रमोदिनी निरोपाला गेली नाही.

मे महिन्यात नंदाचे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आले. मजकूर मराठीत होता; जेवणाचे हाल, थंडी, कारखान्यातली शिस्त. पण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता तिने जपानीत लिहिला होता, शाईने. कर्णिकसाहेबांनी पाकीट उजेडाकडे धरले आणि सगळ्यांना दाखवले.

“काय अक्षर आहे बघा मुलीचं,” ते म्हणाले. “छापल्यासारखं. हात लागतो याला, शिकवून येत नाही.”

पाकीट हातोहात फिरत प्रमोदिनीकडे आले. दाब तिचा होता, पेन उचलण्याच्या जागा तिच्या होत्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची रेघ तिची होती. तिने पाकीट टेबलावर सपाट ठेवले आणि एकेक अक्षर तपासले. पाचव्या अक्षरात शेवटची रेघ केसभर आखूड पडली होती. तिने ती कोणाला दाखवली नाही. पाकीट पुढे दिले. पण संध्याकाळपर्यंत, दुसरी कामे करताना, ती मनाने त्या आखूड रेघेपाशी पुन्हा पुन्हा जाऊन येत होती.