पाटी रस्त्यावरून वाचतात

ज्या दिवशी पेंटरबाईंचे यजमान एकटेच जनावरांच्या दवाखान्यात आले, त्या दिवशी मला कळले की बाई आता येणार नाहीत. मी दारामागे भिंतीला टेकून उभी होते. डॉक्टरीणबाई एका कुत्र्याच्या पंजाला पट्टी बांधत होत्या. मान वर न करताच त्यांनी विचारले, "काय म्हणतायत बाई? हॉस्पिटलमधून घरी कधी सोडणार?"

"गेली ती," यजमान म्हणाले. "काल दुपारी."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. मग त्यांनी पट्टीची गाठ नीट मारली, कुत्रा त्याच्या मालकाकडे दिला आणि यजमानांना बसायला खुर्ची ओढली.

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पाट्या रंगवताना ओल्या रंगाला हात लागू नये, म्हणून पेंटर काठीचे एक टोक पाटीवर टेकवतात आणि तिच्यावर मनगट ठेवून ब्रश चालवतात. मी तशी काठी. त्याआधी मी पडद्याचा दांडा होते. बाईंचे नुकतेच लग्न झाले होते, तेव्हा यजमानांनी मला कापले, घासून गुळगुळीत केले आणि टोकाला आपल्या जुन्या सदऱ्याच्या कापडाचा गोळा बांधला.

"नव्या नवरीला काठी दिली म्हणून लोक मला नावं ठेवतील," ते म्हणाले.

"काठी माझ्या हातात आहे. घाबरायचं तुम्ही," बाई म्हणाल्या.

बाई शिडीवर चढत, यजमान खाली शिडी धरत आणि रंग कालवून देत. समोरची चहावाली त्यांना चिडवायची, "काय भाऊजी, आजपण शिडीच धरताय का?"

"सोडली तर संसार खाली येईल, ताई!"

बाईंची एक रीत होती. एक अक्षर झाले की त्या खाली उतरत, रस्ता ओलांडत आणि पलीकडून पाटीकडे पाहत. मग परत वर. दिवसभर हेच चाले. यजमान वैतागत. "अगं, शिडी झिजेल!"

"झिजू दे. शिडीवर बसून कोणी पाटी वाचत नाही. रस्त्यावरून वाचतात."

कधी घरून भांडून आलेले असत दोघे. मग दिवसभर 'धरा', 'वर', 'निळा द्या' एवढेच बोलणे. पण त्या दिवसाच्या अक्षरांवर रागाची एक रेघ मला कधी दिसली नाही. पुढे छापील पाट्या आल्या आणि मी बरेच दिवस कपाटामागे पडून राहिले. तरी बाई मला काढून पुसत आणि टोकाचे कापड मळले की बदलत. मळक्या कापडाने दुसऱ्याच्या पाटीवर डाग पडतो, असे त्या म्हणत.

शेवटची पाटी याच दवाखान्याची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सावकाश करा हो. माझ्या पेशंटना कुठे वाचता येतं?"

"त्यांना उचलून आणणाऱ्यांना येतं ना," बाई म्हणाल्या होत्या.

'जनावरांचा दवाखा' एवढे रंगवून झाले होते. पुढचा 'ना' खडूने आखला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या छातीत कळ आली आणि मी दवाखान्याच्या दारामागेच राहिले.

दिवसकार्य उरकल्यावर यजमान शिडी घेऊन आले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः शिडी धरली. यजमानांनी मला पाटीवर टेकवले आणि मनगट ठेवले. त्यांनी 'ना' रंगवला. मग खाली उतरले, रस्ता ओलांडला आणि पलीकडे बराच वेळ उभे राहिले.

"छान झालंय की, भाऊ!" डॉक्टरीणबाई इकडून ओरडल्या.

"तिथून छानच दिसेल. इकडे या."

त्या गेल्या. त्यांनी पलीकडून पाहिले. 'ना' शेजारच्या 'खा'वर कलला होता.

यजमान परत चढले. टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्यांनी सगळे अक्षर पुसले आणि जाण्याआधी खडूने पुन्हा आखले. "जन्मभर शिडी धरली म्हणजे पेंटर होत नाही माणूस," ते म्हणाले. "दुसरा कोणी बोलवायचा तर बोलवा. मला राग नाही."

"माझ्या पेशंटना वाचता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सावकाश करा."

त्या दिवशी यजमान मला घरी घेऊन आले. आता रोज सकाळी ते मला एका जुन्या फळीवर टेकवून 'ना' काढतात. मग फळी अंगणाच्या टोकाला ठेवतात, दारातून पाहतात आणि पुसून टाकतात.

मित्रांनो, तुम्ही मोठेपणी कोणतेही काम करा. झाले असे वाटले की एकदा रस्ता ओलांडा आणि ज्याला त्या कामाची गरज आहे, त्याच्या जागेवरून पाहा. आणि ज्या साधनाने काम केले, ते पुसून ठेवा.

माझ्या टोकाचे कापड मळले आहे. ते बाईच बदलत. पाटीवरचा 'ना' अजून खडूचाच आहे.