दोघांच्या घरातलं टेबल

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं असलेलं, कडा गुळगुळीत झालेलं एक जुनं टेबल म्हणजे मी. सुताराने मला जाड फळ्यांतून घडवलं तेव्हा हे घरही नवं होतं. घरात दोघं राहायची: ती इस्पितळात नर्स, तो वायरमन. लग्न त्यांनी केलं नव्हतं, पण घर दोघांच्या नावावर घेतलं होतं. माझ्यावर जेवणं झाली, कपड्यांना इस्त्री झाली, त्याने पंखे उघडून दुरुस्त केले. "टेबल काय दणकट आहे हो!" असं पाहुणे म्हणाले, की मला धन्य वाटायचं.

पुढे तिची आई राहायला आली. आईला जवळजवळ दिसत नव्हतं. माझी कड धरून ती ओट्यापर्यंत जायची. हळूहळू सगळं घर तिच्या हाताला पाठ झालं.

मग त्या दोघांचं पटेनासं झालं. आधी जेवणाच्या वेळा वेगळ्या झाल्या, नंतर तो बहिणीकडे राहायला गेला. माझ्यावर धूळ साचली. पुसायचं कुणाला सुचत नव्हतं.

एका सकाळी वकीलबाई आल्या, कामावर जाता जाता तोही आला. दोघं माझ्या दोन बाजूंना बसली.

"घर एकट्या हिच्या नावावर करायचं, तर तुम्हाला हक्कसोडपत्र लिहून द्यावं लागेल," बाई त्याला म्हणाल्या. "पण कर्ज दोघांचं आहे. त्यातून तुमचं नाव आपोआप निघणार नाही. बँकेने मान्य करायला हवं."

"म्हणजे घर हिचं आणि कर्ज माझ्या डोक्यावर?" तो उसळला. "त्यापेक्षा विकून मोकळे होऊ."

"आणि आईला कुठे नेऊ?"

"ते मला काय विचारतेस?"

तेवढ्यात आई आत आली आणि वाटेत ठेवलेल्या त्याच्या हत्यारांच्या पिशवीला अडखळली. त्याने झटकन उठून तिला सावरलं.

"पिशवी मध्येच टाकायची सवय गेली नाही वाटतं तुझी," ती हसून म्हणाली. मग ओट्याशी जाऊन, न चाचपडता तिने चहाचा डबा उचलला.

त्याने तिच्या सराईत हातांकडे पाहिलं आणि पिशवी उचलून भिंतीकडेला ठेवली.

"आधी बँकेत जाऊ," तो शेवटी म्हणाला. "कर्जातून माझं नाव निघालं, की सही करतो."

बँकेने पुष्कळ हेलपाटे घालायला लावले. तिने जादा पाळ्या केल्या. तोही बोलावलं तेव्हा कामावर रजा टाकून, कुरकुरत का होईना, गेला. अखेर कर्ज तिच्या एकटीच्या नावावर झालं, त्याच्या वाट्याचे किती पैसे त्याला द्यायचे ते ठरलं आणि नोंदणी कार्यालयात त्याने सही केली. तिथून येऊन त्याने आपली किल्ली माझ्यावर ठेवली.

"रविवारी चहाला येत जा रे," आई म्हणाली.

त्याने तिच्या मुलीकडे पाहिलं. घर आता तिचं होतं.

"ये," ती म्हणाली. "पण फोन करून ये."

"करतो की."

मित्रांनो, कुणापासून वेगळं व्हायची वेळ आलीच, तर समोरासमोर बसून बोला. बसायला माझ्यासारखं एखादं टेबल तुमच्याही घरात असेल. बोलणं संपलं, की कप तेवढे उचला आणि एकदा फडकं फिरवा. आम्हाला अजून बरीच वर्षं उभं राहायचं असतं.