पाण्याशी ओळख

आमच्या गावात माझ्या आधी आणि नंतरही पुष्कळ पोरी होकमध्ये बसल्या, पण बोंबाबोंब झाली ती माझ्याच वेळी. मुलगी वयात आली की घराच्या एका कोपऱ्यात लव्हाळ्याच्या चटया उभ्या करायच्या आणि तिला त्या आडोशाला बसवायचं, ही आम्हा दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रिक्वा बायकांची रीत. त्या आडोशालाच होक म्हणायचं. आत बसलेल्या पोरीने पुरुषाचं तोंड बघायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, मेंढीच्या कातड्यावर बसून म्हाताऱ्या सांगतील ते मुकाट ऐकायचं. शेवटच्या सकाळी बाया तिला गात गात व्हाल नदीवर नेतात आणि पाण्यातल्या सापाशी तिची ओळख करून देतात. ओळख झाली की तो जन्मभर तिच्या वाटेला जात नाही. ओळख न झालेली बाई काठावर दिसली, तर ओढून नेतो.

माझ्या आईची ओळख कधी झालीच नव्हती. ती कुरुमानकडची, त्स्वाना जमातीची. नाव केनेलवे. माझे बाबा, विलेम, तिकडे गुरं विकायला गेले आणि येताना तिला घेऊनच आले. इतकी वर्षं संसार केला, पण बिचारी नदीकडे फिरकली नव्हती. धुणं घरीच टपात धुवायची. पाणी आम्ही पोरं आणायचो, कारण पोरांना साप काही करत नाही. गावच्या बायका नदीवर हसायच्या खिदळायच्या, ते हसू आमच्या अंगणापर्यंत यायचं, आणि आई कान देऊन ऐकत राहायची. मला ते बघवायचं नाही.

शेवटच्या सकाळी अंगणात मेंढा शिजत होता, निखाऱ्यांवर रोट्या फुगत होत्या, पाहुण्यांची तिसरी कॉफी चालली होती. ड्रिना आत्या, बाबांची थोरली बहीण, लाल दगडाची पूड चरबीत कालवून आत आली. पोरींना पाण्यावर न्यायचा मान तिचा. तिने माझं तोंड रंगवायला घेतलं.

"आई येणार ना?" मी विचारलं.

"तुझी आई चूल बघेल. पाण्यावर होकमध्ये बसलेल्या बायकाच येतात. हनुवटी वर कर."

"मग मीही येत नाही."

आत्याचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"मी इथून उठतच नाही."

झालं! पोरगी पाण्यावर जाऊन आल्याशिवाय कुणाच्या ताटात घास पडत नाही. बाहेर कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांतला कुणीतरी ओरडला, "अगं, मेंढ्याचा कोळसा होईल!" आई चटईच्या पलीकडे येऊन हळूच म्हणाली, "फिना, हट्ट नको करू गं. मी इथेच बरी आहे." मला रडू फुटलं, आणि तोंडावरचा लाल रंग गळ्यापर्यंत ओघळला.

"बघा, सगळा रंग फुकट घालवला!" आत्या कडाडली.

कोपऱ्यात बाबांची आई, औमा लिस, गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, "ड्रिने, आपण ग्रिक्वा कशाने गं?"

"कशाने म्हणजे? जन्माने."

"जन्माने तर आपण बास्टर. मिसळलेल्या रक्ताचे. आपले बापजादे तेच नाव ताठ मानेने लावायचे. मग तो पाद्री आला, त्यालाच मेल्याला लाज वाटली. म्हणाला, दुसरं नाव शोधा. आता शोधायचं कुठे? एकाचा बाप गोरा मालक, दुसऱ्याचा पळून आलेला गुलाम, तिसऱ्याचा बाप त्याच्या आईलाच ठाऊक. शेवटी एका म्हाताऱ्या आईचं कुळ सापडलं, ते धरलं. ग्रिक्वा म्हणजे तिची माणसं. तिच्या चुलीपाशी जो बसला तो तिचा, एवढाच त्या नावाचा अर्थ."

"ते सगळं खरं, पण सापाला हे कोण सांगणार?"

"तूच सांग. तोंड तर देवाने तुला चांगलं मोठं दिलंय."

बायका फिसकन हसल्या. आत्या हसली नाही. ती खाली बसली आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "आई, त्याने धरलं तिला तर? विलेमला काय सांगू मी?"

आत्या आईला परकी समजते, तिचा दुस्वास करते, असंच मी तोवर धरून चालले होते. ती घाबरली होती! आईसाठी घाबरली होती.

औमाने रंगाची वाटी तिच्यापुढे सरकवली. मग आत्या उठली आणि चटई बाजूला सारून गरजली, "केनेलवे! हात धू आणि आत ये. नको, नको, पाण्याला शिवू नकोस! तशीच ये."

आईचं तोंड रंगवताना तिची बडबड चालूच होती. "चाळिशीची घोडी झालीस आणि आत्ता होक! हलू नकोस. डोळ्यात जाईल."

नदीवर बायकांनी गाणं थांबवलं. आत्या आमच्या पुढे पाण्यात शिरली, गुडघ्यापर्यंत. एका हातात माझं मनगट, दुसऱ्या हातात आईचं. आत्याने लाल पूड पाण्यावर फेकली आणि पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही फिना, विलेम बालीची लेक. आणि ही तिची आई, केनेलवे. ही पण आमचीच. उशिरा आणली, चूक आमची. तुला न्यायचंच असेल तर आधी मला ने!"

आणि डोळे मिटून ती तशीच उभी राहिली. आम्ही तिघी उभ्या होतो. लाल पूड वाहून गेली, पाणी परत गढूळ हिरवं झालं. आई हळूच वाकली आणि तिने हात बुडवला. मग दुसरा. मग ती खाली बसली, कपड्यांसकट, छातीभर पाण्यात, आणि लहान मुलीसारखी हसायला लागली. तिला बाहेर काढता काढता आमच्या नाकीनऊ आले. मेंढा करपला तो करपलाच.

गावात आता नळ आलेत. होक कुणी उभारत नाही. पण आत्या गेल्यावर पुष्कळ वर्षं गावच्या पोरींना पाण्यावर आईच न्यायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडायची, "ही आमची आहे!" तिच्या बोलण्यातला त्स्वाना हेल शेवटपर्यंत गेला नाही. सापाने कधी तक्रार केली नाही.