दाराबाहेरचं स्टूल

“आत कुणी रडत असेल तर दार बडवू नका. खोकून घ्या, दाराशी बसा, आणि बोलायचंच असेल तर स्वतःबद्दल बोला.”

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हे सांगणं आजोबांच्या कानात अजून तिच्याच हळू आवाजात यायचं. दिवस मावळायच्या आत घरात जो रुसला असेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, हा तिचा नेम. तो पाळल्याशिवाय ती देवापुढे हात जोडत नसे.

आजोबांनी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले होते. दुकानांतले, टपाल कचेरीतले, दवाखान्यांतले. हात थरथरायला लागले तसं काम सुटलं, पण पितळी वजनांची पेटी अजून पलंगाखाली होती. घरात आता त्यांची ख्याती उरली होती ती दोन गोष्टींसाठी, पोट आणि विसराळूपणा.

पोट साफ झालं का, ही चौकशी सकाळच्या चहाबरोबर व्हायची. सून विचारायची, “काय बाबा, आजचा निकाल?” आजोबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “राखून ठेवलाय.” यावर नात सर्वांत आधी हसायची. तिला घरात खारूताई म्हणत, कारण लहानपणी ती दोन्ही गालांत शेंगदाणे कोंबून घरभर हिंडायची. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले थोडेच दिवस घरी. त्यामुळे हसायला माणसं तीनच, पण तेवढ्यात भागायचं.

विसराळूपणाचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. आजोबांच्या पोट साफ होण्याच्या गोळ्या वेळेआधीच संपायला लागल्या. म्हातारा एकदा घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतो, असं सुनेनं ठरवलं. तिनं पाकीट स्वयंपाकघरातल्या खणात हलवलं, तरी तेच. मग रागावली, मग रागावल्याचं वाईट वाटून गप्प झाली, आणि शेवटी हळूच म्हणाली, की एकदा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून येऊ या. आजोबा बरं म्हणाले. त्या दिवसापासून ते अंथरुणावर पडल्या पडल्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं आठवून बघायचे. सगळी आठवायची. पण विसरलेलं नाव विसरलंय हे तरी कसं कळणार, या विचारानं त्यांना घाम फुटायचा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

खारूताई हल्ली या विसराळूपणाच्या गप्पांत ताटाकडे बघत बसायची. ताटातलं कधी चिवडून टाकायची, कधी भराभर संपवायची आणि उठून न्हाणीघरात जायची, ती बराच वेळ. गालांत आता शेंगदाणे सोडा, गालच उरले नव्हते. परीक्षेची काळजी, असं सून म्हणायची.

एका सुट्टीच्या सकाळी ती न्हाणीघरातला वजनकाटा काखेत मारून आजोबांकडे आली. “हा खोटं बोलतोय, आजोबा. कालच्यापेक्षा जास्त दाखवतोय. बघा ना.”

आजोबांना बरं वाटलं. कुणीतरी काम घेऊन आलं होतं. त्यांनी पेटी ओढली, वजनं एकेक करून चढवली, उतरवली. काटा चोख होता. ते म्हणाले, की बाई, हा खरंच बोलतोय. पाणी येतं नि जातं, तेवढाच फरक, माणूस काही एका रात्रीत वाढत नाही. तिनं काटा परत घेतला तेव्हा तिची बोटं त्यांच्या हाताला लागली. ती भर उन्हाळ्यात गार होती.

त्या बोटांचा गारवा त्यांच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी सून कामावर गेलेली, आणि न्हाणीघरातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आजोबा धडपडत गेले. दारावर मूठ उगारली, आणि ती तशीच खाली घेतली. खोकले.

“पडलीस का गं?”

“नाही. बसलेय. पायात गोळे आलेत. छातीत धडधडतंय.”

त्यांनी तिला कडी तेवढी काढून ठेवायला सांगितलं, मी आत येत नाही म्हणाले. कडी निघाली. आजोबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि दाराशी बसले. फोन मांडीवर घेऊन त्यांनी आधी दवाखान्याची गाडी बोलावली, मग सुनेला कळवलं. गाडी येईपर्यंत काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते स्वतःबद्दल बोलले.

“माझं डोकं रिकामं होत चाललंय बहुतेक. गोळ्यांचाही हिशेब राहत नाही. भीती वाटते गं मला. उद्या तुझंच नाव विसरलो तर?”

दार आतून बोटभर उघडलं.

“आजोबा, तुम्ही काही विसरलेला नाहीत. गोळ्या मी घेते. खाल्लेलं अंगाला लागू नये म्हणून.”

आजोबांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी त्याहून मोठा चढला. आपलं डोकं शाबूत निघालं याचा आनंद झाला म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तिला रागवावं असं मनातही आलं नाही.

“आईला सांगू नका ना.”

“लपवणार नाही. पण तू सांगशील तेव्हा शेजारी बसेन. आणि यापुढं हे दार लागेल तेव्हा बाहेर मी असेन. शब्द दिला.”

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. अंगातलं पोटॅशियम फार उतरलं होतं. आजोबांना शेजारी बसवून खारूताईनं आईला आणि डॉक्टरीणबाईंना गोळ्यांचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दाराआड न बोलता तिच्यासमोरच सगळं सांगितलं. या गोळ्या काम सुरू करतात तोवर अन्नातलं बहुतेक सत्त्व शरीरानं घेतलेलं असतं. बाहेर जातं ते पाणी आणि क्षार, आणि हृदयाचा ठोका त्याच क्षारांवर चालतो. ते असेच उतरत गेले तर ठोका चुकतो, कधी थांबतोही. मूत्रपिंडांवर ताण येतो, आतडं आपणहून काम करायचं सोडून देतं. आजार खरा आहे, हट्ट नव्हे, आणि तो बरा होतो. कुणामुळे झाला ते शोधत बसू नका.

सुनेनं पांघरुणाखालून लेकीचं पाऊल धरलं होतं, ते सोडलंच नाही. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला मी किती बोलले.”

“जाऊ दे. निकाल माझ्या बाजूनं लागला ना?”

सलाइनच्या नळीसकट खारूताई हसली, आणि मग तिघंही रडली.

घरी आल्यावर गोळ्या सुनेच्या कुलपात गेल्या. आठवड्याला समुपदेशकांकडे जायचं ठरलं, काय नि किती खायचं ते आहारतज्ज्ञ बघू लागल्या. वजनकाटा घरात नको, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आजोबांनी तो उघडला, आतली स्प्रिंग काढली आणि पितळी वजनांच्या पेटीत टाकली. सगळी हयात बिघडलेले काटे नीट करण्यात गेली. चांगला काटा मुद्दाम बिघडवण्याची ही पहिलीच वेळ. हात अजिबात थरथरला नाही.

तरी सोपं नव्हतं. गोळ्या सुटल्यावर पावलं सुजली, पोट फुगलं. असं होईल आणि ओसरेल, हे आधीच सांगितलेलं होतं, पण सुजलेल्या पावलांकडे बघताना सांगितलेलं आठवत नाही. अशाच एका दुपारी तिनं अर्ध्याहून जास्त ताट संपवलं, आणि कुणाकडे न बघता उठली. न्हाणीघराचं दार लागलं.

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. आजोबांच्या हातातला चहा नुकताच ओतलेला, वाफाळता होता. त्यांनी कप खाली ठेवला, वर बशी झाकली, स्टूल उचललं आणि खोकत खोकत त्या दाराकडे निघाले.