सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी

हडपसरच्या ऋतुजा शेवाळेला ऐकू येत नव्हतं. आता बहिरी होती म्हणावं, तर तसंही नाही. आईनं स्वयंपाकघरात फोनवर दबक्या आवाजात काढलेला तिच्या लग्नाचा विषय तिला वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. पण स्टेथोस्कोप कानात घातला, की सगळं चिडीचूप. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीनं ही गोष्ट सांगावी तरी कुणाला? तिनं ती कुणालाच सांगितली नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

दिवाळीनंतर फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये ब्लड प्रेशर आलं. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या होत्या. जोडीदाराच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबून हवा भरायची, कोपराच्या खळग्यात स्टेथोस्कोपची चकती टेकवायची आणि हवा सावकाश सोडायची. पट्ट्यानं दाबलेल्या धमनीतून रक्त पुन्हा वाहायला लागलं, की ठक ठक आवाज सुरू होतो, तो वरचा आकडा. आवाज थांबला, की तो खालचा. इतकं सोपं. ऋतुजाच्या जोडीला वाशिमचा शुभंकर होता. तिनं हवा भरली, हवा सोडली, पारा गुपचूप खाली उतरला. ठक नाही की ठुक नाही.

"आला आवाज?" मॅडमनी सगळ्यांना मिळून विचारलं.

"आला!" अख्खी बॅच ओरडली. त्यात ऋतुजाही.

खरं तर तिथंच हात वर करायचा होता. पण सगळ्यांना जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, हे सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? तिनं शेजारच्या टेबलावर डोकावून बघितलं. तिथं एकशेवीस-ऐंशी लिहिलं होतं. पुस्तकातही तेच होतं. मग तिनंही तेच लिहिलं.

शिकवायला खाजगीवाले मॅडम होत्या. शनिवार पेठेतल्या. त्या कधी रागवायच्या नाहीत, तेवढे कष्टच घ्यायच्या नाहीत. सगळी जर्नल्स चाळून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "संपूर्ण बॅचचं ब्लड प्रेशर एकशेवीस-ऐंशी. वा! रेशनवर मिळालेलं दिसतंय." पोरं हसली. ऋतुजाही हसली.

तशी पोरगी ढ नव्हती हो. अ‍ॅनाटॉमीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळे मिटून हातात मांडीचं हाड दिलं, तरी डावं की उजवं ते चाचपून सांगायची. पण हाडं आवाज करत नाहीत, हीच तिच्या दृष्टीनं हाडांची थोरवी होती. छातीचे ठोके ऐकायच्या प्रॅक्टिकललाही तोच प्रकार झाला. इतरांनी कॉलेजच्या डब्यातले स्टेथोस्कोप घेतले, ऋतुजाकडे स्वतःचा होता, भारीतला, आणि त्यातून तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काहीही ऐकू आलं नाही. आपल्या कानातच दोष आहे, आणि तो कळला की कॉलेज आपल्याला घरी पाठवणार, हे तिनं मनाशी पक्कं धरून टाकलं.

घरी परत जाणं तिला परवडणारं नव्हतं. त्याचं कारण होते तिचे आजोबा, जयसिंग शेवाळे, घरादाराचे आबा. शेताच्या जागी आता टॉवर उभे होते, तरी आबांनी ट्रॅक्टर विकला नव्हता. एमबीबीएस थोडक्यात हुकलं आणि ऋतुजा फिजिओथेरपीला गेली, तेव्हा भावकीतले रंगनाथकाका एका साखरपुड्यात भर पंगतीत म्हणाले होते, "म्हंजी मालिशवाली व्हनार म्हना की." पंगत खदाखदा हसली. आबांच्या ते जिव्हारी लागलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आबा स्वतः शहरात गेले आणि दुकानातला सगळ्यांत चांगला स्टेथोस्कोप, शिवाय काट्याचं बीपी मशीन घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शेवाळ्यांच्या अंगणात हत्यारं पूजेला मांडली, त्यात कोयता होता, टिकाव होता, ट्रॅक्टरची किल्ली होती आणि मधोमध स्टेथोस्कोप होता. आजीनं, म्हणजे सोजरबाईनं, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. पूजा आटोपल्यावर पोरीच्या कपड्याला डाग नको म्हणून पदरानं तो घासूनपुसून, मागंपुढं फिरवून लख्खही केला. आजीचं काम कधी अर्धवट नसायचं.

प्रॅक्टिकल झाल्याचं आबांना कळलं मात्र, संध्याकाळी दारापुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागल्या. "या, या. बीपी बघून घ्या. आमची डॉक्टर आली." आळीतली माणसं यायची, बाह्या सरकवायची. ऋतुजा पट्टा बांधायची, काटा दीडशेपर्यंत न्यायची, कारण कॉलेजातल्या पोरांना त्याच्यावर कधी लागत नव्हतं. मग गंभीर तोंड करून काटा उतरताना बघायची आणि सांगायची, "एकशेवीस-ऐंशी." कधी फारच ओशाळल्यागत झालं, तर एकशेचोवीस-ब्याऐंशी. आधी मनगटाची नाडी धरून वरचा आकडा अंदाजायची एक पद्धत मॅडमनी शिकवली होती, आणि ती तिला जमतही होती. पण मनगट धरलं की माणूस वैद्य दिसतो, नळी कानात घातली की डॉक्टर. आबांना डॉक्टर हवी होती.

लोक मात्र खूश. दवाखान्यात जाऊन वाढलेलं ऐकण्यापेक्षा हे बरं. "पोरीच्या हाताला गुण हाय," असं बायका म्हणायला लागल्या. रंगनाथकाकाही येऊन हात पुढं करायला लागले, आणि त्या दिवशी आबा रात्रीची भाकरी चवीनं जेवले.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आबा मान चोळत बसले होते. "डोकं जड झालंय गं," ते म्हणाले. ऋतुजा बाम काढायला फडताळाशी गेली, तर तिथं आबांच्या रोजच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. एकही गोळी काढलेली नाही.

"आबा, गोळी घेत नाही तुम्ही?"

"बंद केली."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुनी म्हंजी? तूच की. रोज एकशेवीस-ऐंशी. मग गोळी काय शोभंला खायाची?"

"तरी घ्यायची असते, आबा. बीपी नॉर्मल असलं तरी..."

"का? तुझा तुझ्यावर इश्वास न्हाई का काय?" आबा हसले आणि चहा बशीत ओतायला लागले.

ऋतुजा बसमध्ये बसली, पण तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वाढलेल्या दाबानं मेंदूतल्या बारक्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे तिनं गेल्याच आठवड्यात आकृती काढून लिहिलं होतं, आणि त्याला चांगले मार्क पडले होते. ती आकृती आता डोळ्यांपुढून हलेना. आबांना काही झालं, तर ते आपण केलेलं असेल. दुसऱ्या कुणीही नाही. तिला इतकी भीती आजवर कशाचीच वाटली नव्हती, अगदी कॉलेजातून काढून टाकण्याचीसुद्धा नाही.

त्या दिवशी लॅब सुटल्यावर ती मागं थांबली. शुभंकर पट्टे गुंडाळून डब्यात भरत होता.

"मॅडम, मला ऐकू येत नाही."

"असं? मग मी आत्ता दिवे बंद करा म्हणाले, ते कुणी ऐकलं?"

"तसं नाही मॅडम. स्टेथोस्कोपमधून. पहिल्या दिवसापासून नाही. मी सगळं खोटं लिहिलंय."

खाजगीवाले मॅडमनी चष्मा वर केला. हात पुढं करून तिचा स्टेथोस्कोप घेतला आणि पुढची चकती उलटसुलट करून पाहिली. तिच्या दांडीच्या खाचेत लालसर काहीतरी अडकलं होतं.

"हे काय? कुंकू?"

"खंडेनवमीला पूजा केली होती. आजीनं."

"छान. आता कानात घाला." मॅडमनी मोठ्या चकतीवर नखानं टकटक केलं. "येतंय ऐकू?"

"नाही."

मॅडमनी दांडीजवळ चकतीला अर्धा वेढा दिला. कट् असा बारीक आवाज झाला. मग त्यांनी पुन्हा नखानं टकटक केलं, आणि ऋतुजा दचकून एक पाऊल मागं सरकली. कुणी कानाशी दार वाजवावं तसा तो आवाज होता.

"याला दोन तोंडं असतात. एका वेळी एकच उघडं राहतं," मॅडम म्हणाल्या. "आजींनी पुसताना फिरवलं असेल. आपण इतके महिने बंद दाराशी कान लावून बसला होतात. कान उत्तम आहेत आपले. विचारायला तोंड उघडलं असतंत, तर पहिल्याच दिवशी घरी हसत गेला असतात."

ऋतुजाला हसावं की रडावं कळेना. तिनं शुभंकरला खेचून खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, हवा सोडली. ठक. ठक. ठक. आत कुणीतरी खरंच होतं.

"एकशेतीस-अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली.

"अबे, मी तं नॉर्मल होतो नं आतापर्यंत!" शुभंकर म्हणाला.

"सगळी प्रॅक्टिकल्स पुन्हा करायची, सुट्टीत," मॅडम पर्स उचलत म्हणाल्या. "आणि कॉलेजबाहेर कुणाकुणाचं बीपी बघितलंत, ते मी विचारत नाही. ते आपल्याला माहीत आहे."

संध्याकाळी ती घरी पोचली, तर खुर्च्या लागलेल्याच. आबा, रंगनाथकाका, शेजारच्या दोन बायका. आत आजीनं चहा ठेवला होता.

"आबा, आत चला. आधी तुमचं बघते."

"आत कशाला? हितंच बघ, समद्यांम्होरं."

तिनं पट्टा बांधला. नेहमीसारखा काटा दीडशेवर नेला आणि चकती टेकवली. ठक ठक आधीच चालू होती. तिनं पुन्हा फुगा दाबला. एकशेसाठ, एकशेसत्तर, तरी ठक ठक थांबेना. आबा "अगं, हात तुटंल" म्हणाले, तेव्हा कुठं आवाज बंद पडला. मग तिनं हवा सोडत सावकाश मोजलं. थोडं थांबून दुसऱ्यांदा मोजलं. आकडा बदलला नाही.

"किती?" आबांनी लोकांकडं बघत विचारलं.

"एकशेशहाऐंशी. खाली एकशेचार."

आबांनी मशीन हातात घेऊन झटकलं. "मशीन बिघडलं असंल. काल एकशेवीस हुतं की."

"तर काय," एक बाई म्हणाली. "आजकालच्या वस्तू."

सुटायला इतकी सोयीची वाट पुन्हा मिळणार नव्हती. मशीन बिघडलंय म्हणायचं, उद्या दुरुस्त झालं म्हणायचं, आबांना गोळी सुरू करायला लावायची, की झालं. कुणाचं नाक कापलं जाणार नाही. ऋतुजानं तेवढा विचार केला, नाही असं नाही.

"मशीन चांगलं आहे, आबा," ती म्हणाली. "मलाच आजपर्यंत काही ऐकू येत नव्हतं. माझा स्टेथोस्कोप बंद होता आणि मला ते कळलं नाही. मी सगळ्यांना एकशेवीस-ऐंशी असंच सांगत होते. मनानं."

"म्हंजी माझंबी?" रंगनाथकाकांनी बाही खाली ओढली.

"हो काका. तुमचं किती आहे ते मला माहीत नाही."

आता काका मालिशवालीवर येणार, म्हणून तिनं मान खाली घातली. पण काका स्वतःच्या दंडाकडं बघत बसले होते. आबा रस्त्याकडं बघत होते.

"मी समद्या आळीला सांगत फिरलो गं," ते म्हणाले. रागानं नाही, आणि तेच तिला सहन झालं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारणी पदर सावरून उगाच अंगण बघायला लागल्या.

"गोळी आण," आबा म्हणाले.

तिनं गोळी आणली, पाणी आणलं. आबांनी गोळी घेतली आणि पेला खाली ठेवला. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं आबा," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली.

आजी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. दारात उभं राहून तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे तिनं पायरीवर ठेवला, आबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, बांगड्या वर सरकवल्या आणि हात पुढं केला. "आता माझं बघ."

ऋतुजानं नाक पुसलं. चकती कुठल्या बाजूला उघडी आहे ते नखानं वाजवून पाहिलं, आणि पट्टा बांधला. आत टीव्हीवर मालिका चालली होती, पलीकडं टॉवरच्या कामावर मिक्सर घरघरत होता. काटा उतरायला लागला. मध्येच काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, कदाचित नसेलही. काटा शून्यावर आला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"किती?" आजीनं विचारलं.

एकशेवीस-ऐंशी जिभेवर तयारच होतं. इतक्या महिन्यांची सवय.

"नाही आलं ऐकू," ऋतुजा म्हणाली. "पुन्हा घेते. कुणीतरी टीव्ही बंद करा."

आबा उठले आणि आत जाऊन टीव्ही बंद करून आले.